शून्यावरची टेकडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही. बसलाच आहात समोर, तर ऐका.

नव्वदचं दशक, दौंड. ज्युनिअर कॉलेजची नवी नोकरी, बारावीला गणित. काय दिवस होते ते! फळा खडबडीत, खिडक्यांना काचा नाहीत. इंजिनाची शिट्टी झाली की मी वाक्य अर्धं सोडायची आणि तेवढ्यात पोरं शेंगदाणे तोंडात टाकून घ्यायची. मला सगळं दिसायचं. मी रागवायची नाही — छे, खोटं कशाला बोलू, फार रागवायची. जीभच तिखट माझी. पण ग्राफ काढायला लागले की वर्ग गप्प व्हायचा. गुलाबी खडू, एका दमात काढलेली रेघ... अजून हात शिवशिवतात.

डेरिव्हेटिव्ह म्हणजे रेघ कुठं चढते, कुठं उतरते ते सांगणारं गणित. ते शून्य झालं की रेघ क्षणभर आडवी होते. मी पोरांना बजावायची — तिथं टेकडी नाही तर खड्डा, वळण असणारच. पुस्तकात दुसरंही काही लिहिलेलं होतं. पण मला येतंय म्हटल्यावर पुस्तक कोण उघडतंय?

तर त्या दिवशी — सांगते, सांगते.

फळ्यावर गणित होतं एक्सचा चौथा घात वजा चार एक्सचा घन. डेरिव्हेटिव्ह दोन ठिकाणी शून्य, एक्स शून्य असताना आणि तीन असताना. तीनपाशी खड्डा. शून्यापाशी मी झोकात टेकडी काढून दिली. तेवढ्यात मधल्या बाकावरून नसीम उठली. यवतहून शटल रेल्वेनं यायची ती, वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान.

"मॅडम, एक्सच्या जागी उणे एक घालून बघा ना. पाच येतंय, आन् शून्याला शून्यच. म्हंजी रेघ वरूनच येतीय. शून्यावर जरा थांबती आन् परत खालीच जाती. पाटसला सिग्नल लागला की शटल थांबती, म्हनून काय ती माघारी फिरती व्हय?"

वर्ग हसला. मला हसला.

मी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. फार शहाणी झालीस, म्हटलं, पाठांतरावर मार्क मिळवणाऱ्यांनी मला शिकवू नये.

मग स्टाफरूममध्ये मी उणे एक घालून बघितलं. पाच आलं. टेकडी नव्हतीच तिथं. दुसऱ्या दिवशी वर्गात "काल माझं चुकलं" म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण पडले तरी नाक वर. मी पुढचा धडा काढला. आणि ते सिग्नलला थांबलेल्या शटलचं उदाहरण? पुढच्या प्रत्येक बॅचला मी ते माझं म्हणून सांगितलं. जुनी पोरं भेटली की अजून त्याचंच कौतुक करतात.

एवढंच असतं तर मी विसरलेही असते.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिचे अब्बा तिला घेऊन कॉलेजात आले. धुतलेला सदरा, हातात टोपी, खुर्ची दिली तरी बसेनात.

"मॅडम, पोरगी म्हनती फुडं गणितच शिकायचं, पुण्यात. तिच्या खालाकडं, म्हंजी मावशीकडं, ऱ्हायची सोय हाय. घरातली नको म्हनत्यात, पर माझी ना न्हाई. फकस्त तिला झेपंल का, ते तुमी सांगा. तुमी म्हनाल तसं."

आता बघा. सगळं माझ्या एका वाक्यावर आलेलं. ती हुशार आहे म्हटलं, तर त्या दिवशी तीच बरोबर होती हे मान्य करावं लागणार. मला ते नको होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

"गणिताची समज नाही हो तिला," मी म्हटलं. "पाठ करते. पुण्यात टिकायची नाही."

"अब्बा, मला येतंय," नसीम म्हणाली.

"मॅडम खोटं कशाला बोलतील गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मी आता काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत होती, बिचारी. मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. माझी मलाच किळस येते ते आठवलं की.

पुण्याला ती गेली नाही. बारावीनंतर शिकलीच नाही. लग्न होऊन शिरूरला गेली, एवढं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. शिरूर काय लांब आहे का दौंडहून?

त्या दिवशी निघताना तिच्या अब्बांनी हात जोडले. मॅडम, वेळेत खरं सांगितलंत, लई उपकार झाले, म्हणाले.

मी म्हटलं, "उपकार कसले, कामच आहे आमचं ते."