चतुराबाईंचं वैशाखातलं रेशीम

करमाडच्या पुढं, जालना रस्त्यापासून थोडं आत चतुराबाईंचं शेत. कापूस मोडून त्यांनी रेशमासाठी तुती लावली तेव्हा गाव हसलं. अळ्या मारायला लोक फवारणी करतात आणि ही बाई अळ्या पाळतेय! चतुराबाईही सगळ्यांसोबत हसल्या. हसायला त्यांना फारसं कारण लागत नसे.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र त्यांचा चेहरा उतरला. पत्र्याची शेड भट्टीसारखी तापली. सकाळी टाकलेला पाला दुपारपर्यंत वाळून कुरकुरीत व्हायचा. अळ्यांनी खाणं टाकलं, आणि जे काही कोष झाले ते कागदासारखे पातळ.

"अवो, ह्यांना आधी गारवा पायजे, मंग पाला," त्या नवऱ्याला, बद्रीनाथला म्हणाल्या.

पुढच्या वर्षी दोघांनी पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं आणि त्यावर ठिबकची नळी फिरवली. खिडक्यांना ओलं गोणपाट लावलं. पाला पहाटेच तोडून ओल्या फडक्याखाली ठेवायचा. पावसाळ्यात सगळंच उलटं. हवा दमट झाली की अळ्यांना रोग धरायचा. मग गोणपाट काढायचं, खिडक्या सताड उघडायच्या आणि चुना भुरभुरायचा. धूर नको, उग्र वास नको. बद्रीनाथची तंबाखू सुटली ती ह्या अळ्यांपायीच.

एका वैशाखात मुलाला, बन्सीला, स्थळ सांगून आलं. शहरात, उस्मानपुऱ्यात राहणारे काकासाहेब आणि त्यांची बायको आशाबाई आपल्या मुलीसाठी घर पाहायला आले. नेमक्या तेव्हाच अळ्या कोष करण्याआधीच्या शेवटच्या खाण्यावर आलेल्या. जेवणं उरकली आणि लाइट गेली. काकासाहेब घामानं निथळायला लागले.

"ती शेड गार दिसते. तिथंच बसू की," म्हणत ते उठलेसुद्धा.

चतुराबाई शेडच्या दारात आडव्या आल्या. "नाय पाव्हणं. तुमी अत्तर लावलंय. अळ्यांना सोसायचं नाय."

"अहो, गुलमंडीतून आणलंय. चांगलं भारीचं आहे!"

"मंग तर लईच नाय."

बद्रीनाथ जमिनीकडं पाहू लागला. सोयरीक आता मोडलीच, असं बन्सीला वाटलं. तेवढ्यात आशाबाई खो खो हसायला लागल्या. "लग्न झाल्यापासून सांगतेय, एवढं अत्तर चोपडू नका. आज कुणीतरी अडवलं बाई!"

काकासाहेबही मग हसले. हौदावर साबण लावून त्यांनी आंघोळ केली, बन्सीचा सदरा आणि लुंगी चढवली, रोग आत जाऊ नये म्हणून चुन्याच्या भुकटीत पाय बुडवले आणि आत शिरले. सदऱ्याची बटणं काही लागत नव्हती. आत वाळल्या पाचोळ्यावरून शेरडं चालावीत तसा अळ्यांच्या खाण्याचा आवाज. ते भान हरपून ऐकत राहिले.

चतुराबाईंचं लक्ष मात्र भिंतीवरच्या तापमापकाच्या काट्याकडं होतं. लाइट नाही म्हणजे पंखे बंद, पत्र्यावरचं पाणीही बंद. पारा चढायला लागला होता.

"आता नुसतं बसून भागायचं नाय, पाव्हणं. बादली उचला!"

मग हौदापासून शेडपर्यंत रांग लागली. बन्सी पत्र्यावर चढून पाचट भिजवू लागला, काकासाहेब खालून बादल्या देऊ लागले. आशाबाईंनी पदर खोचला आणि भिजवलेली गोणपाटं खिडक्यांना लावली. ऊन कललं तेव्हा कुठं काटा उतरला आणि लाइटही आली.

चहा घेताना चतुराबाईंना आपल्या बोलण्याची लाज वाटायला लागली. "पाव्हण्यांना राबवलं. राग मानू नका."

"राग कसला? लहानपणानंतर आज पहिल्यांदा एवढं पाणी ओढलं," काकासाहेब म्हणाले. "पोरगी इथं दिली असं समजा."

"पण अत्तराचा नाद तिलाही आहे," आशाबाईंनी बजावलं.

"मंग लावू द्या की. शेडबाहेर. मलाबी लावील!" चतुराबाई हसल्या.

त्या खेपेचे कोष पांढरेशुभ्र आणि टणक निघाले. जालन्याच्या बाजारात लोक ते हातात घेऊन दाबून पाहत होते. दिवाळीनंतर लग्न झालं.

पुढं काकासाहेब नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी वैजापूरकडच्या आपल्या शेतात तुती लावली. आता रोज त्यांचा फोन येतो.

"विहीणबाई, आभाळ आलंय. गोणपाट ओलं करू का काढू?"

"आधी दारात उभं राहून बघा. अंग चिकचिकतंय का?"

"व्हय, लई."

"मंग काढा. आन् खिडक्या उघडा समद्या."