पोटुशी ट्राउट आणि निखिलची गाभोळी

मंडळी, आज सकाळचा प्रसंग सांगतो.

ऑफिसातल्या निखिलबरोबर इथे जर्मनीत ब्राउनश्वाइगबाहेरच्या ओढ्यावर फिरायला गेलो होतो. तिथे त्याने गाडीतून चक्क गळ काढला.

"अरे, नोव्हेंबर आहे! ट्राउट आता अंडी घालतात. शोनत्साइट आहे, मासेमारी बंद!"

"इथे कोण बघतंय?"

थोड्याच वेळात मासा लागला. त्याने तिथेच पोट चिरलं. केशरी अंडी दगडावर ओघळली. "गाभोळी! वहिनींना तळायला दे," म्हणत त्याने सेल्फीही काढला.

शी! त्याने पुढे केलेली अंड्यांची पिशवी मी नाकारली आणि बसने घरी आलो.

ट्राउटचा चांगला मोसम एप्रिल-मे. तेवढं थांबवत नाही? आणि हा मालवणचा, जिथे नारळी पौर्णिमेआधी होड्या समुद्रात जात नाहीत!

उद्या तो शेजारच्या टेबलावर असेल. तुम्ही त्याची तक्रार केली असती?