डाव्या खांद्याचं बटण

साओ पावलोच्या सांता इफिजेनिया रस्त्यावर, एका जुन्या व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोना इवोनेतेचा, म्हणजे इवोनेतेबाईचा, सव्वा मीटर रुंदीचा गाळा होता. नवरा होता तोवर तिथे घड्याळं दुरुस्त होत. तो गेला, आणि लोकही मनगटाऐवजी फोनमध्ये वेळ बघू लागले. तेव्हा इवोनेतेने त्याचंच भिंग आणि त्याचेच चिमटे घेऊन हातातले गेम कन्सोल उघडायला सुरुवात केली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

कन्सोलमधली कंपनीची प्रणाली काढून तिथे हौशी मंडळींनी लिहिलेली प्रणाली घालायची, हे तिचं मुख्य काम. मजल्यावरचे इतर लोक ते गिऱ्हाइकाची कॉफी संपेपर्यंत उरकत. इवोनेतेला दोन दिवस लागत. घालायला पाच मिनिटं पुरतात, वेळ तयारीला लागतो, असं तिचं म्हणणं. समोरचा वान्देर केबल विकता विकता हेही काम करायचा; तो तिला चिडवायचा, "दोना, तुम्ही कन्सोलला बाप्तिस्मा देता की काय?" ती म्हणायची, "तुझ्या गिऱ्हाइकांचे मेलेले कन्सोल माझ्याकडे येतात, तेवढं बंद कर, मग बोल."

त्या बुधवारी जुरांदिर आला. एका निवासी इमारतीचा दारवान, पन्नाशीतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. दोन वर्षांपूर्वी लिफ्टच्या दारात सापडून त्याच्या डाव्या हाताची तर्जनी गेली होती. दर रविवारी जेवणानंतर तो आणि त्याचा मेहुणा दोन कन्सोल जोडून फुटबॉल खेळत. पण समोरच्याचा चेंडू अडवायला आपण पळवतो तो खेळाडू बदलावा लागतो, आणि ते बटण कन्सोलच्या डाव्या खांद्यावर, नेमकं तर्जनीखाली.

"गोल मी करतो हो," फोनवर त्याने सांगितलं होतं, "पण अडवता येत नाहीत. सात-दोन, आठ-तीन असा हरतो. आता तर मेहुणा मुद्दाम हरायला लागलाय. त्यापेक्षा खेळणं सोडलेलं बरं."

नव्या प्रणालीत कुठल्याही बटणाचं काम दुसऱ्या बटणाला देता येतं. इवोनेतेने त्याला एवढंच बजावलं होतं, "आहे तसं आणा. काही करू नका."

जुरांदिरने कन्सोल रुमालातून काढला तेव्हा तो चकचकीत होता. स्पिरिटने पुसलेला, काचेवर नवा पारदर्शक कागद चिकटवलेला.

"एवढं कशाला केलंत?"

"तुमच्यासारख्या बाईपुढे घाणेरडी वस्तू ठेवायची? आणि ऐका ना, अर्धं काम मी करूनच आणलंय. मुलीच्या घरी वायफायला लावलं, तर कन्सोलनेच विचारलं, नवी आवृत्ती घालू का? म्हटलं, घाल बाबा, दोनांचे तेवढेच कष्ट वाचतील."

वान्देर खदखदून हसला. "मोलकरीण यायच्या आत घर झाडून ठेवणारा माणूस आहे हा!"

इवोनेते हसली नाही. कंपनीच्या त्या ताज्या आवृत्तीने बाहेरची प्रणाली आत शिरायची वाट बंद केली आहे, असं तिने सांगितलं.

"म्हणजे मीच घालवलं?" जुरांदिरचा आवाज उतरला.

"अजून ठरायचंय. एक मागचं दार असतं, पण सगळ्यांना नसतं."

तिने चकतीचा कप्पा उघडला, टॉर्च लावला आणि भिंगातून जाळीच्या आत मदरबोर्डवर छापलेला आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. हा आकडा दोन प्रकारच्या बोर्डांवर सापडे. जुन्या बोर्डाला मागचं दार होतं, नव्याला नव्हतं, आणि दोन्ही ओळखायची खूण पत्र्याखाली.

"उघडावं लागेल. नवा बोर्ड निघाला तर पुन्हा बंद करून तुमच्या हातात देईन, आणि त्यापुढे मला काही करता यायचं नाही. कोणालाच नाही. कोणी करतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका."

"उघडा."

तिने सात स्क्रू काढले आणि ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने पांढऱ्या चिकटपट्टीवर लावून ठेवले. जुरांदिर उभाच राहिला. वान्देरने स्टूल सरकवलं तरी बसला नाही. तिने पत्रा चिमट्याने उचलला, भिंग खाली नेलं आणि तशीच थांबली.

"बोला ना, दोना."

"जुना आहे."

जुरांदिर मटकन स्टुलावर बसला.

पुढचं सगळं तिच्या ठरलेल्या पद्धतीने झालं. मेमरी कार्डावरचे त्याचे खेळ आधी संगणकावर उतरवले, नीट उतरले की नाही ते उघडून पाहिलं, आणि मगच कार्ड पुसून नव्याने आखलं. त्याची बॅटरी फुगलेली निघाली, ती बाजूला ठेवली. मग ड्रॉवरमधून मागचं दार उघडणारी, दुरुस्तीसाठी खास बनवलेली बॅटरी काढून घातली. बटण न दाबताच कन्सोलचा हिरवा दिवा लागला.

"झालं?" जुरांदिर ताडकन उठला.

"कुठलं झालं? आत्ता फक्त आतल्या मूळ मेमरीची नक्कल काढतेय. उद्या काही बिघडलं तर परत यायला रस्ता हवा ना?"

नक्कल निघेपर्यंत बॅटरी अर्ध्यावर आली. पाऊण भरल्याशिवाय इवोनेते नवी प्रणाली आत लिहायला कधी घेत नसे. लिहिता लिहिता वीज संपली तर कन्सोल कायमचा मुका.

"उद्या दुपारी या. पण एक आजच सांगा. डाव्या खांद्याचं काम कुठल्या बटणाला द्यायचं?"

याचा विचार जुरांदिरने केलाच नव्हता. इवोनेतेने त्याच मॉडेलचं एक रिकामं कवच त्याच्या हातात दिलं. त्याने ते धरलं, डोळे मिटले आणि एकेक बोट हलवून पाहिलं. करंगळी पोचत नव्हती. मधलं बोट आणि अनामिका पोचत होती, पण पकड सुटत होती. शेवटी त्याने अंगठा डाव्या बाजूच्या खालच्या बाणावर नेला, सोडला, पुन्हा नेला.

"इथे."

"हाच अंगठा त्याखालच्या गोल कळीने खेळाडूही पळवणार. दोन्ही जमेल?"

"सवय करावी लागेल. हे कवच एक दिवस नेऊ?"

"न्या."

जिना उतरताना समोरून खोकी घेऊन येणाऱ्या हमालाने त्याला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. जुरांदिरला ऐकू गेलं नाही. त्याचा अंगठा रिकाम्या कवचावर वरून खाली, खालून वर फिरत होता, आणि प्रत्येक वेळी मेहुण्याचा कोणीतरी खेळाडू अडत होता.