पिलावरची मरळ

अणदूरचा चाँदपाशा पिंजारी रागीट आहे, हे कुणाला सांगावं लागत नसे. गल्लीच्या तोंडाशीच त्याचा आवाज ऐकू येई. गिऱ्हाइकानं ओला कापूस आणला, राग. गादी लवकर मागितली, राग. सालनात मीठ कमी पडलं तर विचारूच नका, आणि जास्त पडलं तर त्याची बायको फरिदाबी आपणहून शेजारणीकडं जाऊन बसे. या माणसावर उतारा एकच, गावाखालचं तळं. त्याचं डोकं फिरलं की फरिदाबीच कोपऱ्यातली गळाची काठी त्याच्या हातात देई. "जाव, पानी पे जाके चिल्लाव," म्हणे.

पाण्यावर मात्र तो कधी ओरडला नाही. वाळलेले भोपळे जाळ्यात बांधून त्यावर फळी आवळलेली अशी त्याची सांगड होती. फळीवर दोन्हीकडं पाय सोडून बसायचं आणि हातानं पाणी मागं सारत मधोमध जायचं. गळाला किडा नाही, कणीक नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस तो रेशमी धाग्यानं गळावर असं गुंडाळी, की पाण्यावर टेकलं की नाकतोडा पडल्यासारखं वाटावं. पीस टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं. खालून मरळ उसळली की याचा सगळा राग त्या दोरीतून पाण्यात उतरे.

पावसाळ्यात मात्र गळ खुंटीला लागे. मरळीची लाल पिल्लं पुंजक्यानं पाण्यावर फिरतात आणि खालून मोठी मासळी त्यांची राखण करते. पुंजक्याजवळ काहीही पडलं, तर भूक असो नसो, ती अंगावर येते. म्हणजे गळाला लागणारच. पिलावरच्या मरळीला गळ टाकणं म्हणजे नमाजातल्या माणसाचे जोडे पळवणं, असं चाँदपाशा म्हणे. मग त्या दिवसांत तो रिकाम्या हातानंच जाऊन पिल्लं बघून येई. त्या वर्षी तर लव्हाळ्याच्या कडेचा लाल पुंजका त्यानं बलभीमलाही कौतुकानं दाखवला.

बलभीम त्याचा लहानपणापासूनचा सोबती. सांगडीचे भोपळे त्याच्याच वेलाचे. निजामी जाऊन मुंबई राज्य आलं, डांबरी रस्त्याचं काम निघालं, आणि बलभीम तिथं खडक फोडायला सुरुंगावर लागला. काम कच्चं होतं. साहेबाच्या मर्जीवर होतं.

एका दुपारी रस्त्याचा मुकादम गुंडप्पा गादी न्यायला आला आणि हसत म्हणाला, "आज सायबाला मरळ हाय. बलभीम सुरुंगाच्या एका बारात टोपलं भरतो म्हणलाय. लाल पिल्लं कुठं हायती, त्याला ठावं हाय म्हणं."

चाँदपाशानं हातातली कापूस पिंजायची धनुकली तशीच टाकली. मुकादम दारात उभा राहिला आणि हा अनवाणी पळाला. पळताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. दाखवलं आपणच. आपल्याच बोटानं.

लव्हाळ्यातनं सांगड पुढं आली, तेव्हा बलभीमनं बांधावर सुरुंगाची वात पेटवून हात उचललाच होता. चाँदपाशानं सांगड नेमकी पुंजक्यावर नेली आणि तिथंच थांबला.

"चाँदभाई, बाजूला व्हय! वात पेटलीया!"

"टाक की! दिसतंय न्हवं कुठं टाकायचं? म्याच दाखवलंय तुला, हरामखोरा!"

"आरं मरशील!"

"टाक म्हनतो ना!"

बलभीमनं एक शिवी हासडली आणि सुरुंग बांधामागच्या जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यात भिरकावून आडवा पडला. दणका असा झाला की तळ्यातले बगळे उडाले. आणि त्याच क्षणी चाँदपाशा किंचाळला. पिसाळलेल्या मरळीनं पाण्यात लोंबणारा त्याच्या पायाचा अंगठा पकडला होता.

"तुझ्यासाठी इथं बसलो अन् मलाच चावतीस व्हय गं!"

रक्त गळत तो काठाला आला. बलभीमनं पटक्याचा पदर फाडून त्याचा अंगठा बांधला.

"सायब आता कामावर घेत न्हाय," तो म्हणाला. "घरात पोरं हायती, चाँदभाई. म्या काय करायचं हुतं?"

"मला सांगायचं हुतं!"

"सांगितलं असतं तर तू मरळ दिली असतीस?"

चाँदपाशाला आयुष्यात सगळ्यात जास्त राग आला तो या वेळी. बलभीमचा हात झटकून तो लंगडत घरी आला आणि दोन दिवस फरिदाबीशीसुद्धा धड बोलला नाही.

बलभीमचं काम गेलंच. पोरं कण्या पिऊन झोपतात, असं कानावर आलं, तेव्हा चाँदपाशा बलभीमवर चिडला, साहेबावर चिडला, मरळीवरही चिडला. पण गळ काही खुंटीवरनं काढला नाही. मोठी होऊन पिल्लं पांगली, तेव्हा तो तळ्यात उतरला आणि पहिली मरळ घेऊन थेट बलभीमच्या दारात गेला. कोंडाबाई, बलभीमची बायको, जोंधळं पाखडत होती. मासा त्यानं तिच्यापुढं आदळला.

"बसा की भाऊ."

"बसाया आलो न्हाय!" आवाज ऐकून बलभीम बाहेर आला, तसा तो आणखीच भडकला. "तोंड उघडू नगंस! चार भोपळे घिऊन उद्या तळ्यावर ये. सांगड दोघांपुरती करायची हाय. पीस बांधायला शिकवतो. अन् पिलावर गळ टाकलास, तर तुलाच गळाला लावीन, समजलं?"

एवढं ओरडून तो गेलासुद्धा. बलभीम दारातच उभा राहिला. मग परसात जाऊन तो वेलावरचे वाळलेले भोपळे एकेक वाजवून बघू लागला.