जनीच्या गोळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा, खरं सांगायचं तर, मी या गोष्टीला वळसाच घालत आलो. वय झालं म्हणून आज सांगतोय असंही नाही. मार्था नावाच्या एका मुलीच्या नावावर माझी चूक लिहिलेली आहे — म्हणून सांगतो.

एकोणनव्वद-नव्वदची ती वर्षं. भाईंदर पूर्वेला एका भाड्याच्या हॉलमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी भरायची. मी शाळेत शिक्षक, मंडळीचा सेक्रेटरी, आणि तरुण संघ माझ्याकडे. कॉलेजात जाणारी सात-आठ मुलं. रविवारची उपासना आटोपली की आम्ही मुर्ध्याकडच्या मिठागरांवर जायचो. तिथल्या मजुरांच्या मुलांना अक्षरं शिकवायची, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची. वाटेत मुलं माझ्याशी वाद घालायची. देव आहे, तर या बायकांच्या पायांना भेगा का? असले प्रश्न. सगळ्यांत जास्त प्रश्न मार्थाचे. एकदा सरळ म्हणाली, "सर, मी प्रार्थना करते तेव्हा कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. तरी येऊ ना?" मी म्हणालो, ये. वर एक वचनही ऐकवलं.

खरं काय होतं, सांगू? मलाही वाटत नव्हतं. कित्येक वर्षं. तिच्यात ते बोलायची हिंमत होती, आणि मी — मी तर शिकवणारा.

मिठागरावर जनी नावाची बाई होती. तिशीची, नवऱ्यानं टाकलेली, पदरात दोन मुली. खोकून खोकून वाकली होती. आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मार्थानं प्रार्थनेनंतर तिला सरकारी दवाखान्यात नेलं. टीबी निघाला. मग दर शनिवारी मार्था गोळ्या आणायची, सात दिवसांच्या सात पुड्या बांधायची, आणि रविवारी समोर बसून पहिली पुडी घ्यायला लावायची. जनी कुरकुरायची. "तुझ्या गोळ्यांनी मुतायला पन लाल होतं गं. शिमगा हाय का माझ्या पोटात?" मार्था हसायची, पण पुडी संपल्याशिवाय उठायची नाही.

दोन महिन्यांत जनीचा खोकला थांबला. ती पुन्हा मीठ ओढायला लागली.

आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उपासनेत उभं राहून सगळ्यांना सांगायचं. मी जनीला हॉलवर आणलं. ती लाजली, म्हणून तिच्या वतीनं मीच बोललो. डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणालो. आम्ही प्रार्थना केली आणि ही बाई बरी झाली, म्हणालो. गोळ्यांचं नाव — नाही घेतलं. का नाही घेतलं? लोक रडत होते. पाळकसाहेबांचे डोळे भरले होते. आणि त्या पाच मिनिटांत माझाही विश्वास बसला होता, माझ्याच बोलण्यावर.

नंतर चहाच्या वेळी जनीनं मला विचारलं, "सर, देवानं बरं केलं ना? मंग आता गोळ्या कशाला?"

शेजारी चार माणसं कप घेऊन उभी होती. मी म्हणालो, "विश्वास ठेव, जनी."

एवढंच. तेवढं पुरलं.

पुढच्या रविवारी तिनं पुड्या परत केल्या. मार्था माझ्याकडे आली. "सर, ती माझं ऐकत नाही. म्हणते, सर मोठे का तू मोठी? तुम्ही एकदा सांगा तिला. मध्येच सोडल्या तर उलटेल, असं डॉक्टर म्हणालेत." मी हो म्हणालो. त्यानंतर कितीतरी रविवार मी जनीसमोर बसलो — आणि पोरांच्या पाट्या तपासून उठलो. देवानं बरं केलं आणि गोळ्यांनीही, असं दोन्ही सांगता आलं नसतं का? सहज आलं असतं. पण मग गोळ्या मी का लपवल्या, हे कुणीतरी विचारलं असतं.

मे महिन्यात जनीच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. हॉस्पिटलात मार्थानंच नेलं. आठ दिवसांत जनी गेली. मुलींना मामा घेऊन गेला.

मंडळीच्या पंचांची बैठक बसली. मार्थालाही बोलावलं होतं. पाळकसाहेबांनी मला विचारलं, "गोळ्यांची जबाबदारी कुणाकडे होती?"

मी म्हणालो, "मार्थाकडे."

वाक्य खरं होतं. आयुष्यात याहून मोठं खोटं मी बोललेलो नाही.

एक पंच म्हणाले, "जिचा देवावरच भरवसा नाही, तिच्यावर आपण भरवसा ठेवला." मार्था माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मी बोलेन म्हणून थांबली होती, दुसरं काय? मी मान खाली घालून ठराव लिहीत होतो. 'मार्थाच्या निष्काळजीपणामुळे' — असं लिहिलं. तिला तरुण संघातून काढलं. ती मंडळीतही पुन्हा आली नाही. तिचे वडील येत राहिले. शेवटच्या बाकावर बसायचे, आणि जाताना मला हात जोडायचे. मीही जोडायचो.

सात-आठ वर्षांनी भाईंदरमध्येच, इंद्रलोक वसाहतीच्या रस्त्यावर मार्था भेटली. हातात भाजीची पिशवी. "सर, तब्येत बरी ना?" म्हणाली. मग आपणहून सांगितलं, जनीच्या थोरलीचं लग्न ठरलंय, धाकटी दहावीला बसतेय. ती दरवर्षी त्यांना भेटायला जात होती. मी त्या मुलींची नावंही विसरलो होतो.

रस्त्यात आम्ही दोघंच होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "देव तुझं भलं करो," आणि घरी आलो.

मार्थाची चूक नव्हती. जनीच्या गोळ्या मी बंद केल्या.