नणंदेला गार्ड करताना

लग्न होऊन ईलिंगला आले, त्या दिवशी सासरच्या घरात मला सगळ्यात आधी दिसली ती मागच्या बागेतली बास्केटबॉलची बास्केट. गॅरेजच्या भिंतीवर ठोकलेली, जाळी अर्धी फाटलेली. सासूबाई मला किचन दाखवत होत्या, बॉयलर कसा चालू करायचा ते समजावत होत्या आणि माझं सगळं लक्ष खिडकीबाहेर. बाहेर माझी नणंद एकटीच शॉट मारत होती. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि माझ्यापेक्षा बोटभर उंच. माझी स्वतःची उंची पाच फूट दहा इंच. नागपुरात या उंचीपायी कितीतरी स्थळं चहा पिऊन परत गेली होती. शेवटी लंडनमध्ये वाढलेला, सहा फूट दोन इंचाचा मुलगा सांगून आला, तेव्हा आईने मला त्याच्याबद्दल दुसरं काही विचारूच दिलं नाही.

दुपारी सगळे जरा आडवे झाल्यावर मी बागेत गेले. चपला काढल्या, ओढणी कंबरेला बांधली आणि नणंदेला म्हटलं, "दे इकडे."

तिने बॉल दिला. साधारण फ्री थ्रोच्या अंतरावरून मी टाकला. कशालाही न लागता आत गेला.

"वहिनी, तू खेळते?"

"खेळायचे."

"किती चांगला?"

तिचा जन्म इथलाच. तिच्या मराठीत सगळ्या वस्तू आणि सगळ्या गोष्टी पुल्लिंगी असत. मी हसले आणि म्हटलं, "चल, एक गेम होऊन जाऊ दे."

त्या उन्हाळ्यात मी तिला रोज हरवलं. तिच्याकडे वेग होता, उडी होती, पण डोकं नव्हतं. ती जिकडे बघायची तिकडेच जायची. एका बाजूला बघून दुसरीकडे कसं निघायचं, बॉल आणि समोरची यांच्यामध्ये आपलं अंग कसं घालायचं, दम लागलेला असताना तो लपवायचा कसा, हे मी तिला दाखवलं. पुढच्या उन्हाळ्यात ती अधूनमधून जिंकायला लागली. त्यानंतर मी बागेत कधीच जिंकले नाही.

मी काय खेळायचे, हे त्या घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. विद्यापीठाची कॅप्टन होते, राज्याकडून नॅशनल्स खेळले होते आणि एकदा भारताच्या संघासाठी शिबिरातही गेले होते. तिथे शेवटच्या निवडीत मी गळाले. 'पुढच्या वर्षी परत ये,' असं सांगून पाठवलं. पुढच्या वर्षी कॅम्पसमधून पुण्याची नोकरी लागली, मग हे स्थळ आलं. ईलिंगच्या घरात या सगळ्याचं एक वाक्य झालं होतं : 'सूनबाई कॉलेजात खेळायची.'

नणंद अठराची झाली आणि लंडनच्या एका क्लबाने तिला देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये उतरवलं. पैसे म्हणाल तर फक्त गाडीभाडं. पण पहिल्याच सीझनमध्ये नव्या मुलींमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स तिचे होते. ईलिंगच्या पेपरात तिचा फोटो आला, हवेत उडालेली, वेणी कानामागे भिरभिरतेय. लगेच पुढच्या वर्षी उत्तरेतल्या एका क्लबाने तिला बोलावलं. राहायला फ्लॅट, फिरायला छोटी गाडी आणि दरमहा पगार. खेळून पोट भरणारी बाई मी आजवर फक्त टीव्हीवर पाहिली होती. आता तिच्या चादरी मीच धुऊन इस्त्री करून पाठवत होते.

तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला सासूबाईंच्या भोवती बायकांचा घोळका जमला होता. "अहो, तुमच्या मुलीचं वाचलं हं पेपरात!" मी मागे पेपर प्लेट्सची चळत घेऊन उभी होते. सासूबाई म्हणाल्या, "खरं सांगू का, आमच्या घरात खेळातलं कुणालाच काही कळत नाही. कुठून आलं हे तिच्यात, देव जाणे."

घरी येताना गाडीत नवरा हळूच म्हणाला, "आईला तसं म्हणायचं नव्हतं गं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

त्याने रेडिओ लावला. 

मी ब्रॅकनेलला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. सोमवारी लंचला सँडविच उघडायचं आणि लीगच्या वेबसाइटवर वीकेंडचा स्कोअर बघायचा, हा माझा नेम झाला. बाकीचे तिचे पॉइंट्स बघायचे. मी आधी हुकलेले शॉट्स बघायचे. हुकलेले जास्त असले की सँडविच बरं लागायचं. ती घरी फोन करायची तेव्हा माझ्याशी नेहमी बोलायची, मोकळेपणाने, लाडाने. "वहिनी, काल मी जो फेक केला ना, तो तुझावाला होता!" मी म्हणायचे, "अरे वा." फोन ठेवला की 'तुझावाला' हा शब्द दिवसभर टोचत राहायचा. फेक म्हणजे ती हुलकावणी माझी होती, पण टाळ्या काही माझ्यासाठी वाजल्या नव्हत्या.

मग लंडनला ऑलिंपिक मिळालं, तो उन्हाळा आला. यजमान म्हणून ब्रिटनचा बास्केटबॉल संघ उतरवायचा अशी चर्चा सुरू झाली आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवावं अशा मुलींमध्ये नणंदेचं नाव छापून आलं. सासऱ्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यांनी जिलबी खाल्ली. मीच तळली होती.

त्याच आठवड्यात मी ऑफिस सुटल्यावर ब्रॅकनेलच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये गेले. तिथे बायकांची एक टीम प्रॅक्टिस करायची, खालच्या डिव्हिजनमधली. कुणी शाळेत पीटी शिकवणारी, कुणी नर्स. कोच म्हणजे पोस्टातून रिटायर झालेला एक गृहस्थ. त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शेवटचं कधी खेळलीस?"

"माझ्या नणंदेबरोबर," मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही, पण त्याने मला घेतलं.

पहिले दोन महिने मी जिना रेलिंग धरून उतरत होते. नंतर अंग परत आलं. वेग गेला होता तो गेलाच, पण समोरच्या पोरीच्या पुढच्या पावलाचा अंदाज मला तिच्या आधी यायचा. नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टावर कमावलेलं ते एवढंच शिल्लक होतं. मी टीमची बचावातली मुख्य खेळाडू झाले. घरी कुणी फारसं विचारलं नाही. गुरुवारी उशीर होतो आणि शनिवारी दुपारी मॅच असते, एवढंच त्यांना ठाऊक.

आणि मग कपचा ड्रॉ निघाला. कपमध्ये खालच्या टीम्सना वरच्यांशी खेळायची संधी मिळते. आमच्या वाट्याला नणंदेचा क्लब आला. मॅच आमच्याच हॉलमध्ये.

रविवारी जेवताना मी हे सांगितलं तेव्हा वरणाचा डाव सासूबाईंच्या हातात तसाच राहिला. तेवढ्यात नणंदेचाच फोन आला. नवऱ्याने तो स्पीकरवर टाकला.

"वहिनी! मी तुला मारणार!"

"ये तर खरं," मी म्हटलं.

सासऱ्यांनी विचारलं, "मग आम्ही बसायचं कुठल्या बाजूला?"

"कुठल्या म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या मुलीच्या!" मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाल्या, "म्हणजे, तू तर घरचीच आहेस गं."

मॅचच्या दिवशी आमच्या त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच बसायला जागा उरली नव्हती. नणंद वॉर्मअप करत होती आणि पोरी रेलिंगला लोंबकळून तिचं नाव ओरडत होत्या. तिचे दंड भरले होते. चाल बदलली होती, जमीन आपल्या मालकीची असल्यासारखी. मी कोचला म्हटलं, "तिला मी गार्ड करते." तो म्हणाला, "नणंद आहे, तिच्यासमोर उभं राहायचं तू टाळशील असं वाटलं होतं." मी म्हटलं, "नाही. मीच."

पहिली दहा मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. तिला उजवीकडून जायला आवडतं हे मला माहीत होतं. डावीकडे वळायची वेळ आली की ती क्षणभर थांबते, हेही माहीत होतं. मी तिची उजवी बाजू भिंत बांधल्यासारखी बंद करून टाकली. ती डावीकडे वळायची, थांबायची आणि त्या थांबण्यात मी बॉलवर हात घालायचे. एकदा मी तो काढूनच घेतला आणि एकटी पळत जाऊन बास्केट केली. हॉलमध्ये आमची मोजकी माणसं किंचाळली. पाहुण्यांच्या बाजूला सासूबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. पहिला क्वार्टर संपला तेव्हा नणंदेची एकच बास्केट होती. ती माझ्याजवळून जाताना हसली नाही. मला तेच हवं होतं.

दुसऱ्या क्वार्टरला त्यांच्या कोचने दोन दांडग्या मुली माझ्या वाटेत उभ्या करायला सुरुवात केली. मी त्यांच्या खांद्यांवर आपटत होते आणि पलीकडे नणंद मोकळी होऊन लांबून टाकत होती. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पण माझं मन मोडलं ते तिसऱ्या क्वार्टरमध्ये. तिने हातानेच खूण करून त्या दोघींना बाजूला काढलं आणि एकटी माझ्यासमोर आली. मी उजवी बाजू बंद केली. ती डावीकडे वळली, आणि थांबली नाही. बॉल मागून फिरवून, अर्धी गिरकी घेऊन ती माझ्या पाठीमागे होती. ही चाल मी तिला शिकवलेली नव्हती. मला ती येतही नव्हती. तिकडे उत्तरेत, माझ्यावाचून, कुणीतरी तिला ती शिकवली होती. पुन्हा आली, पुन्हा तेच. बास्केट मारल्याचं मला तितकं लागलं नाही, जितकं ती चाल बघून लागलं.

पाचवा फाउल झाला, नियमाने माझा खेळ संपला आणि मी बाहेर बसले. शेवटची काही मिनिटं बेंचवरून पाहिली. शिट्टी वाजल्यावर स्पीकरवर सांगितलं की त्या क्लबाकडून एका मॅचमध्ये नणंदेइतके पॉइंट्स आजवर कुणीही केले नव्हते. सगळा हॉल उभा राहिला. मीही उभी राहिले, टाळ्याही वाजवल्या.  तिचे निम्म्याहून जास्त पॉइंट्स माझ्यासमोर झाले होते. रेकॉर्डमध्ये माझं कुठेच काही नसणार होतं, आणि तरी तो रेकॉर्ड माझ्यावरच झाला होता.

फोटो काढताना नणंदेने माझी ओली जर्सी धरून मला ओढलं. "वहिनी, पहिला दहा मिनिट मला काहीच मिळाला नाही! तू क्रेझी आहे!" मी हसले. तो फोटो आजही घरात आहे. त्यात मी छान दिसते.

 परतताना गाडी एम-फोर हायवेवर आल्यावर सासूबाई मागून म्हणाल्या, "तू असं खेळतेस, हे मला माहीतच नव्हतं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, आई."

त्यांनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मग त्या म्हणाल्या, "सुरुवातीला तू तिला काही करूच देत नव्हतीस. मला तुझा इतका राग येत होता, की काय सांगू!"

इतकी मोठी शाबासकी मला त्या घरात तोवर मिळाली नव्हती. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या वर्षी नणंद स्पेनला गेली, आणखी मोठ्या पगारावर. तिथे पहिल्याच सीझनमध्ये तिचं नाव सर्वाधिक स्कोअर करणाऱ्यांमध्ये झळकू लागलं. स्पॅनिश वेबसाइट वाचण्यापुरते शब्द मी शिकून घेतले. 'हुकलेले' हा शब्द सगळ्यात आधी.

डिसेंबरमध्ये तिचा घोटा दुखावला आणि क्लबाने तिला काही आठवडे घरी पाठवलं. ती आली त्या शनिवारी माझी मॅच होती. "मी पण येते," म्हणून क्रचेस घेऊन ती हट्टाने आली. तोच हॉल, पण प्रेक्षक म्हणजे कुणाचा तरी नवरा आणि स्वेटर विणणारी एक आजी. नणंद आमच्या बेंचच्या टोकाला पाय लांब करून बसली. त्या दिवशी माझा हात चांगला चालला. शेवटी आम्ही जरासे मागे होतो, तेव्हा मीच आत घुसून, बास्केटजवळ उडी मारून लेअप टाकला आणि आम्ही जिंकलो.

घाम पुसत मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "छान खेळली." पण चेहरा आंबट.

"काय झालं? पाय दुखतोय?"

"नाही."

"मग?"

"काही नाही." क्रचचं रबर ती फरशीवर घासत राहिली. मग एकदम म्हणाली, "तू खेळते, आणि मी बसले. मला बघवला नाही, वहिनी. आय वॉज सो जेलस."

"माझ्यावर?"

"हो, तुझ्यावर! तो लास्ट लेअप आहे ना, मला वाटला तो मिस व्हावा. हॉरिबल आहे मी."

मला हसू आवरेना. आमची पीटी टीचर वळून बघायला लागली. नणंद चिडली, "हसते काय? मी सिरियस आहे!"

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "चांगलंच माहीत आहे. ऊठ, तो जॅकेट घाल."

"ते जॅकेट," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं मराठी सुधारलं होतं.

बाहेर पाऊस होता. तिची बॅग माझ्या खांद्यावर आणि तिचा हात माझ्या दुसऱ्या खांद्यावर, असं आम्ही गाडीपर्यंत गेलो. ईलिंग येईपर्यंत तिने माझ्या खेळातल्या चुका एकेक करून सांगितल्या, आणि मी त्या मोठ्या आनंदाने ऐकल्या.