फक्कीच्या रेघेपर्यंत

एका मराठी चित्रपटात मी आणि माझी मुलगी सात सेकंद पाठमोरे दिसतो. थिएटरात मी तीनदा घड्याळ लावून पाहिलं. दोनदा सात सेकंद भरले, एकदा आठ. आठ ही माझी चूक असावी. शेवटच्या नामावलीत आमची नावं नाहीत आणि ते बरोबरच आहे, आम्ही दुसऱ्यांच्या जागी उभे होतो. पण त्या सात सेकंदांच्या पुढचं मी जे पाहिलं, ते कॅमेऱ्याने घेतलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होतो. चित्रपट बाप-लेकीचा होता. आईविना वाढणारी मुलगी, तिला एकट्याने सांभाळणारा बाप, आणि ती मोठी होताना त्याची होणारी तारांबळ. शूटिंग जोतिबाच्या डोंगराखाली चाललं होतं. बापाचं काम करणाऱ्या नटाचा गुडघा सुजला होता आणि मुलीचं काम करणारी मुंबईची पोर जन्मात सायकलवर बसली नव्हती. प्रसंग मात्र सायकलचाच. बाप कॅरिअर धरून मागून पळतो, एका ठिकाणी हात सोडतो, मुलगी उतारावरून पुढे जाते. एवढंच.

आमच्या गल्लीतला एक जण तिथे सहायक होता. त्याने माझ्या बारा वर्षांच्या मुलीला सायकलवरून शाळेत जाताना पाहिलं होतं. तो विचारायला आला तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "मी येणार."

"मीही येणार," मी म्हणालो.

"तुम्ही कशाला?" बायकोने विचारलं.

"उतार आहे."

बायको हसली. तिला कारण ठाऊक होतं. मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिला सायकल शिकवली, आणि तीन वर्षं झाली तरी शाळेच्या वाटेवर रहदारीच्या बाजूने माझी सायकल असायचीच. खड्डा आला की माझा हात तिच्या कॅरिअरवर जायचा. त्यासाठी मी पाळ्या बदलून घ्यायचो. एकटीला जाऊ द्या म्हणून ती जूनपासून मागे लागली होती. मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होतो.

तिथे गेल्यावर माझी उंची आणि नटाची उंची सारखी निघाली. मला त्याचा चौकड्यांचा शर्ट चढवला. धूळ उडू नये म्हणून टँकरने रस्ता भिजवला होता. हात सोडायच्या जागी, मैदानावर आखतात तशी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली होती. मी पावलं मोजली. वीस.

पहिल्या वेळी मी सत्ताविसाव्या पावलावर हात सोडला.

"पावणं, रेघ दिसली न्हाय व्हय?" दिग्दर्शक ओरडले. ते इथलेच, आवाज तालमीतला.

"दिसली."

"मग?"

"उतार जास्त आहे."

"तो तिला उतरायचाय, तुमाला न्हाय!"

सगळे हसले. दुसऱ्या वेळी पंचवीस. तिसऱ्या वेळी एकतीस. हात सोडायचा हे डोक्यात पक्कं असायचं, पण बोटं उघडायची नाहीत.

"रीळ काय आमच्या मळ्यात पिकतंय?" दिग्दर्शक म्हणाले. "आनि एकदा बघतो. न्हाय जमलं तर दुसरी जोडी."

मुलगी कडेने सायकल ढकलत वर आली. चेहरा लाल झाला होता. "पप्पा, तुम्ही धरता तेव्हा हँडल हलतं."

"तू हलवतेस."

"मी नाही. खाली बघा की."

ओल्या मुरुमात चाकाची खूण उठली होती. मी ती पाहत खाली गेलो. सुरुवातीपासून खूण नागमोडी होती. जिथे माझ्या बुटांचे ठसे संपत होते, तिथून पुढे ती दोरी लावून आखल्यासारखी सरळ गेली होती. सहायकाने दर वेळेसारखा झाडाच्या फांदीने रस्ता पुसून घेतला.

एका नोंदीवर मी विश्वास ठेवत नाही. चौथ्या वेळी मी बाविसाव्या पावलावर हात सोडला आणि दिग्दर्शकांच्या शिव्या खात खाली वाकून पाहिलं. बावीस पावलं नागमोडी, पुढे सरळ. तीन वर्षं मी समजत होतो की माझ्या हातामुळे तिचा तोल राहतो.

"साहेब, एकदाच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली.

पाचव्या वेळी विसाव्या पावलाला मी बोटं उघडली. कॅरिअर हातातून अगदी हलकेच गेलं. मी रेघेवर उभा राहिलो. तिला मागून, एकटी जाताना, मी प्रथमच नीट बघत होतो. खांदे सैल होते, कोपर जराही हलत नव्हतं. "कट" ऐकू आलं. ती थांबली नाही. खाली ओढ्यावरची मोरी होती, तिथे रस्ता अरुंद होऊन वळत होता. मी हाक मारायला तोंड उघडलं.

"जाऊ दे की," मागून दिग्दर्शक म्हणाले, या वेळी हळू.

मोरीच्या अलीकडे तिने वेग कमी केला, पाय न टेकता त्या चिंचोळ्या रस्त्यावर सबंध वळसा घेतला आणि पेडलवर उभी राहून चढ चढू लागली. हे मी तिला शिकवलं नव्हतं. तिची उंची, वजन, प्रत्येक परीक्षेचे मार्क मला तोंडपाठ होते. अशी वळते, अशी चढते, हे मात्र मला माहीत नव्हतं. ती कुणाकडून शिकली, कधी, किती वेळा पडली, काहीच. आपल्या घरात राहणारं माणूस एवढं मोठं असू शकतं?

ती वर येत होती. घामाने केस कपाळाला चिकटले होते. मी अजून रस्त्याच्या मधोमध उभा होतो.

"पप्पा, बाजूला व्हा!"

मी बाजूला झालो. ती माझ्या शेजारून वर निघून गेली.